जावा नाही, सुंदा

सुनंदा, आता संध्याकाळी आपलं दार उघडंच राहतं.

तू असताना असं कधी व्हायचं नाही. उन्हं समोरच्या कौलांवरून उतरली की तू हातातलं काम टाकून उठायचीस, गॅलरीतून शैलाला हाक मारायचीस, आणि ती आत आली की दार लावून घ्यायचीस. मग पुरता काळोख पडेपर्यंत कोणाला बाहेर सोडायची नाहीस. मी चिडायचे. चाळीत दार लावून बसतात ती एक तर भांडलेली माणसं, नाहीतर मटण शिजवणारी. पण तुझं कारण वेगळं होतं. तुमच्या गावी तिन्हीसांजेला एक भूत फिरतं, खेळत राहिलेल्या पोरांना उचलून नेतं, आणि त्याचं नाव सांदेकाला. म्हणजे आमची रोजची संध्याकाळच की. नवी नवी आलीस तेव्हा शेजारीण दारातून ‘संध्याकाळी येते हां’ एवढंच म्हणून गेली, आणि तू दिवसभर मोरीच्या कोपऱ्यात अंग चोरून बसलीस. त्यावर आपण दोघी पुढे कितीतरी वर्षं हसलो. आता मात्र मला हसू येत नाही. तू गेल्याला महिना होऊन गेला, आणि रोज त्या वेळेला मला वाटतं की दाराबाहेर कोणीतरी उभं आहे आणि ते शैलाकडे बघतंय.

गेले चार दिवस हे वाटणं वाढलंय, कारण तुझा धाकटा भाऊ आलाय. आसेप. त्याला शैलाला घेऊन जायचंय, तिच्या आजीकडे. म्हातारी म्हणते, लेक बघायला मिळाली नाही, निदान लेकीची लेक दाखवा. वसंतभावजींना पुढच्या आठवड्यात पुन्हा बोटीवर हजर व्हायचंय. ते ‘वयनी म्हणतील तसं’ म्हणाले आणि मोकळे झाले. माझी कूस उजवली नाही. शैला तुझ्या पोटची असली तरी वाढली आपल्या दोघींच्या मांडीवर. ती तिकडे गेली तर परत येईल का, हे मला कोणी सांगू शकत नाही. तू सांगितलं असतंस, असंही नाही. तू ‘बरं वयनी’ म्हणाली असतीस आणि तुला हवं तेच केलं असतंस. हे मला आता कळलंय, आणि तुझा रागही आलाय. म्हणून बोलायला बसले.

तुला या घरात आणलं तो दिवस आठव. भावजींनी बोटीवरून उतरून टॅक्सी थेट मरोळला आणली होती. तुझ्या अंगावर नवी साडी, चार ठिकाणी पिना लावलेली. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, तुझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि आपल्याला शेजारी शेजारी बसवून म्हणाल्या, “आता तुमी दोघी जावा. भांडू नकात.”

तुला ‘नाही’ पलीकडे मराठी येत नव्हतं. पण ‘जावा’ हा एक शब्द तुझ्या कानात टोचला. तू ताठ बसलीस आणि अगदी हळू, पण ठाम म्हणालीस, “जावा नाही. सुंदा.”

“काय म्हणता गो तां?” सासूबाईंनी मला विचारलं.

मी शहाणी. म्हटलं, “नाव सांगतेय वाटतं. सुनंदा.”

“बरां आसा नाव.”

भावजी खालून बर्फ घेऊन वर आले तोवर अख्ख्या मजल्याला तुझं नाव सुनंदा असल्याचं कळलं होतं. तू काय म्हणाली होतीस ते त्यांच्या लक्षात आलं, आणि तो माणूस पोट धरधरून हसला. नाव बदलायचं कोणाच्याच मनात आलं नाही. आमच्याकडे तसंही लग्नात बायकोचं नाव बदलतात. तुझं आम्ही ऐकण्यात चूक करून बदललं, एवढाच फरक.

खुलासा व्हायला वर्ष लागलं. तोवर तुला सासूबाईंकडून मालवणी आणि नळावरच्या बायकांकडून हिंदी आली होती. आपण दोघी पाट्यावर वाटण वाटत होतो. तू म्हणालीस, बेटाचं नाव जावा, पण आम्ही जावाचे नाही. जावाची माणसं पूर्वेकडची. आम्ही पश्चिमेला, डोंगरात, आमची भाषा निराळी, जेवण निराळं, बोलायची रीत निराळी. आम्ही सुंदा. मी म्हटलं, अगं एकाच बेटावर राहता ना, मग काय एवढं. तू वरवंटा थांबवलास आणि विचारलंस, “वयनी, तुला कोणी घाटी म्हटलं तर?” तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मालवणी माणसाला घाटी म्हणून बघावं कोणी. आमच्या चाळीत त्यावरून डोकी फुटली आहेत.

“मग तू त्या दिवशी बोलली का नाहीस? नाव दुरुस्त केलं असतं.”

“कशाला,” तू म्हणालीस. “तुम्ही रोज मला माझ्या माणसांच्या नावानं हाक मारता. मला बरं वाटतं.”

तुझं खरं नाव आमच्यापैकी कोणाच्या जिभेला वळलंच नाही. भावजी उईस म्हणायचे, ते चुकीचं आहे असं तू म्हणायचीस. पहिला स्वर आमच्या बाराखडीतच नाही. ई म्हणताना ओठ जसे असतात तसे ठेवायचे आणि आतून उ काढायचा. मी करून बघितलं तर तू म्हणालीस, वयनी, ओकारी आल्यासारखं वाटतं. तुला तरी कुठे फ येत होता? फुलांना तू आयुष्यभर पुलं म्हणालीस, फणसाला पणस, आणि कॉफीची ‘कॉपी’ मागितलीस की समोरचा माणूस वही शोधायला लागायचा. फिटंफाट.

सासूबाई आणि तू, ही जोडी जमेल असं मला वाटलं नव्हतं. तू जेवताना कोवळा पाला कच्चाच खायचीस, जवळा भाजून त्यात मिरच्या वाटून केलेल्या चटणीत बुडवून. पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हातारी म्हणाली, “शेरडासारखो पालो खातंस काय गो?” आणि महिन्याभरात स्वतःच ती चटणी मागून घ्यायला लागली. पण खरं जमलं ते पामालीवर. पामाली म्हणजे जे करू नये ते. उंबऱ्यावर बसू नये, रात्री नखं कापू नयेत, पानात भात टाकू नये, टाकलेला भात रडतो. सासूबाईंना साता समुद्रापलीकडची बाई आपल्याच आजीचं बोलते आहे याचं इतकं अप्रूप की येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या. तांदळाच्या डब्याला तू पुरुषाला हात लावू द्यायची नाहीस. तांदळात तुमची देवी राहते, तिच्या खोलीत पुरुष जात नाहीत, आणि तुझ्याकडे खोली नव्हती म्हणून डबाच खोली. डबा उघडण्याआधी तू काहीतरी पुटपुटायचीस. तुझ्या माहेरची माणसं पाच वेळा नमाज पढतात आणि भाताच्या देवीलाही विसरत नाहीत, हे तू मला सांगितलं होतंस. इथे तू नमाज पढताना मी कधी बघितलं नाही. पण वर्षातला एक महिना तुझी दिवसाची भूक मरायची, आणि तो महिना कोणता हे मला कळत होतं. मी तुझं ताट झाकून ठेवायचे आणि विचारायचे नाही.

आणि ते पुन्तेन. आपण गॅलरीत गव्हा-तांदळाला बसलो असलो आणि तुला पुढून जायचं असलं की तू कमरेत वाकायचीस, उजवा हात गुडघ्याखाली सोडायचीस आणि पुन्तेन म्हणत निघून जायचीस. बसलेल्या माणसासमोरून ताठ मानेनं जायचं नसतं म्हणून. आम्ही नुसतं ‘हां, जा’ म्हणायचो. चाळीतली पोरं तुझी नक्कल करायची. आरेच्या रस्त्यानं जाताना तू बसच्या खिडकीतून झाडांनाही पुन्तेन म्हणायचीस. मी विचारलं, कोणाला गं? तर म्हणालीस, जे तिथं राहतात त्यांना. बसमधल्या माणसांनी वळून बघितलं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता आपलं भांडण. शैला शाळेत जायला लागली तेव्हाचं. वर्गातली पोरं तिला चिनी म्हणायची. तिच्या डोळ्यांवरून. एकदा पाटी फोडून आणि ओठ फोडून घरी आली. आणि त्याच आठवड्यात तू म्हणालीस, मी तिला माझी भाषा शिकवते. मी म्हटलं, डोकं फिरलंय तुझं. शाळेत मराठी, रस्त्यावर हिंदी, म्हातारीची मालवणी, त्यात आणखी तुझं ते. पोरं आधीच तिला आपली म्हणत नाहीत, आणखी कशाला वेगळी करतेस?

“ती अर्धी सुंदा आहे, वयनी.”

“अर्धं कोणी नसतं. ती इकडची आहे. तिला इकडची राहू दे.”

तू शैलाची वेणी घालून पुरी केलीस. मग म्हणालीस, “बरं वयनी.” त्यानंतर घरात तू तिच्याशी तुझ्या भाषेतला एक शब्द बोलली नाहीस. माझं चुकलं, असं मी आजही म्हणणार नाही. तिचा फुटलेला ओठ मी पुसला होता. त्या दिवशी जे योग्य वाटलं ते मी बोलले आणि तुला पटलं, असंच मी धरून चालले. तुझी भाषा मग फक्त तांदळाच्या डब्याशी आणि आरेच्या झाडांशी.

काविळीनं तुला नेलं ते फार भराभर नेलं. बोलायला वेळच दिला नाहीस. एवढंच म्हणालीस की मला मातीत ठेवा. यांना ते मान्य नव्हतं, भावकी काय म्हणेल वगैरे. भावजींनी जन्मात पहिल्यांदा मोठ्या भावाचं ऐकलं नाही. खालच्या गल्लीतल्या मुसलमान घरांतली माणसं आली, त्यांनी सगळं नीट केलं, कोणी एक शब्द विचारला नाही. यांनी तरी दहाव्या दिवशी गच्चीवर पान ठेवलंच. कावळा क्षणात शिवला. सगळे म्हणाले, तृप्त होऊन गेली. मला मनातून वाटलं, कसली तृप्त, हिला उघड्यावर पडलेला भात बघवला नाही.

तू गेलीस असं म्हणतात, पण तू गेलेली नाहीस. मी गॅलरीत तांदूळ निवडत बसते, आणि एकदम पाय आखडून घेते. कोणीतरी वाकून पुढून जातंय म्हणून. परवा यांनी बघितलं. “कोणाला वाट देतेस?” विचारलं. मी म्हटलं, मुंगी होती. डबा उघडताना माझ्या तोंडून पुटपुटल्यासारखा आवाज निघतो, शब्द येत नाहीत, नुसता आवाज. आणि शैला. ही पोर तुझ्यामागे रडली नाही. गप्प झाली. संध्याकाळी दारात उभी राहून बाहेर बघते, आणि तिचे ओठ हलतात. मी हाक मारली की थांबतात. मला वाटायचं ती कोणाशी तरी बोलते. खरं सांगते, मी भ्यायले. तुझं ते सांदेकाला मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा खरं वाटलं.

मग आसेप आला. सांगून आला नव्हता. मी पाठमोरी बसले होते, आणि दारातून आवाज आला, “पुन्तेन.”

पुरुषाचा आवाज होता, पण शब्दाची ओढ तुझीच. सुपातले तांदूळ सांडले माझ्या हातून. आणि मागे वळायच्या आत आतल्या खोलीतून शैलाचा आवाज आला, “मांगा.”

म्हणजे त्या शब्दाला उत्तर आहे, सुनंदा. इतकी वर्षं तू या घरात वाकून पुन्तेन म्हणत आलीस आणि आम्ही ‘हां, जा’ म्हणत राहिलो, आणि त्याला नीट उत्तर आहे, आणि ते तू आम्हाला कधी शिकवलं नाहीस. शैलाला शिकवलंस.

मग ती बाहेर आली आणि बोलायला लागली. थोडंथोडकं नाही, घडाघडा. तो एक वाक्य बोलायचा, ही तीन बोलायची. तो रडत होता, मग हीही रडली, एकदाची. मी भिंतीला टेकून ऐकत होते. तुझी भाषा मी नेहमी एकटीचीच ऐकलेली. ती दोन माणसांत कशी वाजते हे मला माहीतच नव्हतं. मधेच हसल्यासारखी, मधेच आर्जव केल्यासारखी. शैला त्याला मामांग म्हणत होती. आईच्या धाकट्या भावाला तुमच्यात तसंच म्हणतात म्हणे. यांना तेवढं एक कळलं. म्हणाले, मामा तर मामा.

मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला. दोघींनी मला ताकाला तूर लागू दिली नाही. कधी शिकवलंस तू हिला? घरात मी सदानकदा होते. आणि माझी समजूत होती की ही पोर सगळी इकडची आहे. तसं असतं तर मला भीती नव्हती. चार दिवस राहील, भाषा कळणार नाही, जेवण जाणार नाही, कंटाळून परत येईल. आता कशाला येईल? तिकडे आजी आहे, आणि आजीशी बोलता येतंय. तिकडे तिला चिनी म्हणणारं कोणी नाही.

तीन दिवस मी आसेपला हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. तो बिचारा खाली मान घालून जेवतो, पानात शीत ठेवत नाही. आज सकाळी मी शैलाला म्हटलं, चल, तुझी आई तुला रविवारी कुठं न्यायची ते दाखव. पाला आणायला जायचात ना तुम्ही?

ती चपला घालून निघाली. आरेच्या बसमध्ये खिडकीशी बसली. गोठ्यांच्या पुढे एका थांब्यावर उतरली, पायवाटेनं आत गेली, आणि ओढ्याकाठी एक पसरट खडक होता तिथे थांबली. वाकली, हात खाली सोडला, झाडांना पुन्तेन म्हणाली आणि मग बसली. मी आजूबाजूला बघितलं. कोणी नव्हतं. तरी मीही जरा वाकूनच बसले.

“इथं बोलायचात?”

“हो. घरी तू नको म्हणालीस ना. आई म्हणाली, घरात काकीचं ऐकायचं. इथं घर नाही.”

तू शब्द मोडला नाहीस, एवढं खरं. दर रविवारी तू पोरीला घराबाहेर काढलंस आणि माझा शब्द घरात ठेवलास.

“आणि काय बोलायचात एवढं?”

“सगळंच. आज आमटीत मीठ जास्त झालं. बाबा कधी येणार. उवा का रागावली.”

“उवा? कोणाच्या डोक्यात झाल्या?”

ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग हसायला लागली. तू गेल्यानंतर पहिल्यांदा हसली, ओढ्यावरून आवाज घुमला इतकी हसली. “डोक्यातल्या नाही गं. उवा म्हणजे तू. आई-बाबांच्या थोरल्या भावंडाला उवा म्हणतात, आणि त्याच्या बायकोलाही. आई इथं तुला उवाच म्हणायची.”

“नेहमी?”

“नेहमी. तिकडच्या आजीलाही पत्रांतून माहितीये तू. मामांगनं आल्या आल्या मला विचारलं, उवा कुठली यातली.”

मी खडकावर बसून राहिले. मला वाटत होतं की त्या भाषेत मला शिरकाव नाही, माझ्यापासून लपवायलाच ती तू इथं आणून ठेवलीस. आणि तिच्यात माझं नातं होतं, नाव होतं, आणि समुद्रापलीकडे एका म्हातारीच्या तोंडीही ते होतं. हे तू मला का सांगितलं नाहीस? आमच्याकडे उवा म्हणजे काय हे तुला माहीत होतं म्हणून? तेवढ्यासाठी?

शैलानं माझा पदर ओढला. “काकी, मी जाऊ का?”

तिला जायचं होतं. तिच्या डोळ्यांत दिसत होतं, आणि मी नाही म्हटलं असतं तर ती ‘बरं काकी’ म्हणाली असती, अगदी तुझ्यासारखं.

“‘जाऊ’ म्हणू नये. जाऊन येते म्हण,” मी म्हटलं.

“जाऊन येते. आजीनं विचारलं, उवा कशी आहे, तर काय सांगू?”

“सांग, उवा बरी आहे.”

नाही गं सुनंदा, उवा बरी नाही. पण पोरीला ते कशाला सांगू.